जीनच्या दगडावर न आलेली ओळ

आमच्या गावची जीन बंद पडून बरीच वर्षं झाल्यावर तिच्या आठवणीसाठी तिथं एक दगड उभा केला. काळा, गुळगुळीत, पुरुषभर उंचीचा. त्यावरचा मजकूर मी लिहिलेला आहे. म्हणजे मी लिहिलेली एक ओळ सोडून; ती त्यावर आली नाही.

जीन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायची गिरणी. वैजापूरच्या बाजूला आमचं गाव, आणि ही जीन तिथं निजामाच्या अमलापासून होती. पोलीस ॲक्शन झाली, तिचा पहिला मालक हैदराबादेकडं निघून गेला आणि कापसाचा व्यापार करणाऱ्या एका शेठनं ती घेतली. गावात मालक बदलल्याचं कुणाला फारसं जाणवलं नाही, असं आई सांगायची. भोंगा तोच राहिला, पट्टे तेच राहिले. दिवाळीनंतर बैलगाड्यांच्या रांगा लागायच्या आणि होळीपर्यंत सगळं गाव कापसाचं व्हायचं. गटारीत कापूस, बाभळीच्या काट्यांवर कापूस, पिण्याच्या पाण्यावर कापूस.

माझी आई आणि तिची थोरली बहीण, दोघी तिथं कामाला होत्या. आजोबांची मेंढरं होती. ती एका दुष्काळात गेली आणि पोरी जीनवर गेल्या. मावशीचा नवरा तापानं वारला तेव्हा तिचा मुलगा अंगावर पीत होता. ती त्याला घेऊन आमच्याकडंच राहायला आली. वडील मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल होते. एका खोलीत आम्ही सगळे. मी त्या मुलाहून दोन-तीन वर्षांनी मोठी. तो मला ताई म्हणतो. मी त्याला मावसभाऊ कधी म्हटलं नाही. भाऊच म्हणते.

जीनमध्ये एक लांबलचक शेड होती. दोन्ही बाजूंना यंत्रं, वर फिरणारा लोखंडी दांडा आणि त्याच्यावरून खाली आलेले चामड्याचे पट्टे. प्रत्येक यंत्रापुढं एक बाई बसायची आणि हातानं कापूस घालत राहायची. सरकी खाली पडायची, साफ झालेला कापूस म्हणजे रुई पलीकडं जायची. संध्याकाळी या बायका घरी यायच्या तेव्हा त्यांच्या भुवया, पापण्या, केस सगळं पांढरं झालेलं असायचं. भाऊ तर लहानपणी मावशीनं तोंड धुतल्याशिवाय तिच्याकडं जायचा नाही. ती चिडायची. "माझंच पोरगं मला भितंय," म्हणायची आणि तशीच त्याला उचलून घ्यायची.

मावशी तापट होती. आई नमतं घ्यायची, ती घ्यायची नाही. जीनमध्ये तिचं मुकादमाशी सारखं वाजायचं, ते दारावरून. बायका सरकी ओटीत लपवून नेतात असा मालकाला संशय होता. म्हणून काम सुरू झालं की शेडच्या दाराला बाहेरून कुलूप लागायचं. दुपारच्या सुट्टीला उघडायचं, परत लागायचं. अंगावर पिणारी लेकरं बाहेर लिंबाखाली एका म्हातारीपाशी झोळीत टाकलेली असत. ती रडायला लागली की आत आवाज यायचा, पण जाता यायचं नाही. मावशीच्या मुलाचं अंगावरचं पिणं तेव्हा सुटलं होतं. पण दुसऱ्या बायकांसाठी ती भांडायची. "दार उघडा, नाहीतर यंत्र बंद करते," असं एकदा तिनं मुकादमाला सगळ्यांसमोर सुनावलं होतं. मुकादम म्हणाला होता, "तुझी जीभ लई चालती. एक दिवस बघतो." आईनं हे मला फार नंतर सांगितलं.

आग लागली तेव्हा मी शाळेत होते. भोंगा अवेळी वाजला आणि थांबेचना. मास्तरांनी आम्हाला वर्गातच बसवून ठेवलं, पण खिडकीतून धूर दिसत होता. आधी पांढरा, मग काळा. शाळा सुटल्यावर मी घराकडं धावले तर भाऊ शेजारणीच्या कडेवर होता आणि शेजारीण रडत होती. मोंढ्यातले हमाल पोती टाकून जीनकडं पळाले होते. त्यात वडीलही होते.

दिवस कलता कलता आईला बैलगाडीतून आणलं. ती दोन्ही हात पुढं धरून बसली होती, कुणाला जेवणाचं ताट द्यावं तसे. हातावर कुणीतरी शेण की तेल असं काहीतरी थापलं होतं. मी जवळ गेले तर म्हणाली, "शिवू नको." एवढंच. त्यानंतर बरेच दिवस तिचा आवाज मी ऐकला नाही.

मावशी आली नाही. जळालेल्या बायकांना आवारात ओळीनं ठेवलं होतं. मावशीला वडिलांनी ओळखलं. कशावरून, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आईला औरंगाबादला सरकारी दवाखान्यात नेलं. पोलीस तिथं जबाबाला आले. आईनं जे पाहिलं ते सांगितलं. तिच्या हाताला पट्ट्या होत्या म्हणून अंगठा वडिलांचा घेतला. वडिलांना वाचता येत नव्हतं. कागदावर काय उतरलं होतं ते देव जाणे, पण महिन्याभरात गावात एकच गोष्ट पक्की झाली, की मावशी कापसाच्या ढिगाशी बसून बिडी ओढत होती आणि त्या बिडीनं जीन पेटली. कुलपाचं कुणी बोलेना. मुकादमानं सांगितलं, जीनच्या दिवाणजीनं मान हलवली, झालं. मेलेल्या बाईला नवरा नव्हता. दीर-सासरे कुणी विचारायला येणारे नव्हते. आणि तिचं तोंड सुटलेलं होतं हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळं बिडीही लोकांना पटली.

जीन पुढच्या हंगामाला परत सुरू झाली.

आईची बोटं एकमेकांना चिकटून वाकडी राहिली. तिला भाकरी थापता यायची नाही. सुरुवातीला वडील थापायचे, मग मी शिकले. कणीक मळताना, धुणं धुताना, केस विंचरताना, कुठंही तिला कुणाचा तरी हात लागायचा, आणि हात मागणं तिला जमायचं नाही. केस तिनं कापूनच टाकले.

भाऊ आमच्याकडं वाढला. आईला तो माय म्हणायचा. खऱ्या आईला काय म्हणायचं हे त्याला कधी ठरवताच आलं नाही. बोलायची वेळ आली तर 'ती' म्हणायचा. शाळेत पोरं त्याला विचारायची, "काडी हाय का रे?" आणि हसायची. एकदा एका पोरानं त्याच्या दप्तरात जळका कापूस भरून ठेवला होता. तो घरी आला. दप्तर झाडलं, पुस्तकं पुसली आणि बसला. एकदा सार्वजनिक नळावर एक बाई त्याला 'आगलावीचा' म्हणाली तर आईनं आपल्या वाकड्या हातानं तिच्या तोंडात मारली. त्यानंतर आमच्या तोंडावर कुणी बोललं नाही. पाठीमागं बोलत राहिले.

आणि घरात? घरात आम्ही त्या दिवसाबद्दल बोलायचोच नाही. आईला वाटायचं, पोराच्या कानावर जितकं कमी पडेल तितकं बरं. तो विचारायचा नाही, म्हणून तिला वाटलं त्याला ठाऊक असेल. त्याला वाटलं, ही बोलत नाही म्हणजे लोक म्हणतात ते खरं असेल. ही गोष्ट आम्हाला कळली तेव्हा तो पन्नाशी ओलांडून गेला होता.

मी शिकले, शिक्षिका झाले, लग्न होऊन औरंगाबाद शहरात आले. वडील गेल्यावर आईला माझ्याकडं गारखेड्याला आणलं. भाऊ गावातच राहिला. ठेकेदाराच्या हाताखाली लागला, रस्त्यांची कामं घेऊ लागला, मग नगरसेवक झाला. गावात त्याचा दरारा होता. लोक त्याला साहेब म्हणायचे. तो उधळ्या नव्हता, दारूला शिवला नाही. घरात बिडी-सिगारेट ओढायची कुणाला परवानगी नव्हती. पाहुण्यालाही तो उठून बाहेर जायला सांगायचा.

जीन आधीच बंद पडली होती. यंत्रं भंगारात गेली. शेडचे पत्रे लोकांनी नेले. नुसती चिमणी उभी राहिली. शेठचा नातू पुण्याला असतो. त्यानं जागा विकायला काढली, तिथं दुकानांचं कॉम्प्लेक्स होणार असं ठरलं. तेव्हा गावातल्या काही लोकांनी लावून धरलं की चिमणी पाडू नका, तिच्या पायथ्याशी एक शिला बसवा, गावाचा इतिहास आहे. नातवानं आनंदानं कबूल केलं. समिती झाली आणि तिचा अध्यक्ष झाला भाऊ. त्याला नाही म्हणता आलं नसेल. नगरपालिकेतलं प्रत्येक काम त्याच्याच हातानं व्हायचं.

त्यानं मला फोन केला. "ताई, मजकूर तू लिही. तुझं मराठी चांगलंय."

मी लिहिला. जीन कधीची, कुणी उभारली, कुठल्या कुठल्या गावांचा कापूस यायचा, किती घरांची चूल तिच्यावर पेटायची. आणि मग एक ओळ: 'या गिरणीला लागलेल्या आगीत आत काम करणाऱ्या स्त्रिया मृत्युमुखी पडल्या, शेडच्या दाराला बाहेरून कुलूप होतं.' मी काही लढायला निघाले नव्हते. जे झालं ते लिहिलं. त्याच्याच आईची आठवण राहील असं वाटलं.

चार दिवसांनी तो स्वतः गारखेड्याला आला. चहा घेतला, आईच्या पाया पडला, तिच्यासाठी आणलेली केळी ठेवली. मग कागद काढून माझ्यापुढं धरला.

"ही ओळ काढ."

मला वाटलं शेठच्या नातवानं सांगितलं असणार. तसं विचारलं तर म्हणाला, "त्याला अजून दाखवलंच नाही. मीच म्हणतोय."

"का पण? तुझी आई गेली त्यात."

"म्हणूनच." त्यानं कागदाची घडी घातली, उघडली, परत घातली. "ताई, आग लिहिली की लोक विचारणार, कशानं लागली. आणि कशानं लागली हे गावात शेंबड्या पोराला माहीत आहे. मी जन्मभर ते मागं टाकत आलो. आता दगडावर कोरून ठेवू? माझी नातवंडं त्या रस्त्यानं शाळेत जातात."

"अरे, पण कुलूप होतं. ते लिहिलंय ना मी."

"कुलूप होतं म्हणून बिडी नव्हती असं होत नाही."

तो हे शांतपणे बोलला. इतकी वर्षं हा माणूस ते खरं धरून चालला होता. आपल्या आईनं आपल्यासकट गावातल्या कितीतरी लेकरांना पोरकं केलं, असं मनात ठेवून तो त्याच लोकांच्या दारी मतं मागायला गेला होता, त्यांच्या गल्लीत नळ आणले होते, त्यांच्या मयतीला उभा राहिला होता.

आतल्या खोलीतून आईनं हाक मारली. "बाबा, इकडं ये."

तो गेला. मी दारात उभी राहिले. आई पलंगावर पाय खाली सोडून बसली होती.

"काय म्हणतोस तू? कुणी वढली बिडी?"

"जाऊ दे माय."

"जाऊ दे नाय. ती मिसरी लावायची. दातं काळी व्हती तिची. बिडी तिनं हातात धरली नाय कधी. तुला कुणी सांगितलं?"

"सगळेच सांगतात."

"सगळे व्हते का तिथं? म्या व्हते."

मग ती बोलत गेली. मी तिची मुलगी, पण मीही ते सगळं पहिल्यांदा ऐकत होते. त्या दिवशी कापूस ओला आला होता, म्हणून तिला आणि आणखी काही बायकांना आवारात तो उन्हात पसरायला लावलं होतं. बाकीच्या आत. रुईच्या गाठी लवकर पाठवायच्या होत्या म्हणून दुपारची सुट्टी दिलीच नव्हती. सकाळी लावलेलं कुलूप तसंच. वरच्या दांड्याला चाक घासायचं आणि ठिणगी पडायची, कापसात खडा आला तरी पडायची. "नेहमीच पडायची. ओलं गोणपाट मारून इझवायचो. त्या दिवशी इझली नाय." आतून ओरडा आला. या बायका धावल्या. दार पत्र्याचं. किल्ली मुकादमाकडं आणि मुकादम घरी जेवायला गेलेला. एकीला त्याच्या घराकडं पिटाळलं. बाकीच्यांनी दगड घेऊन कुलूप ठोकलं. तुटेना. पत्रा तापला. आईनं कुलूप हातानं धरून ओढलं, ओढतच राहिली.

"तोवर आतून दार वाजत व्हतं," ती म्हणाली. "मग वाजायचं थांबलं."

मुकादम किल्ली घेऊन आला तेव्हा काही बायका रुई पलीकडं टाकायच्या भोकातून निघून वाचल्या होत्या. दाराशी गोळा झालेल्या वाचल्या नाहीत.

भाऊ खाली फरशीवर बसला होता. तो आईच्या हातांकडं बघत होता. ते हात त्यानं लहानपणापासून पाहिलेले. त्यांनीच त्याला आंघोळ घातलेली.

"तिनं हाक मारली का माय?"

"लई जणी मारत व्हत्या."

"तिचा आवाज आला का?"

आईनं हात पदराखाली घेतले. "आला," म्हणाली. "दार उघड म्हणली. माझं नाव घेऊन म्हणली."

तो उठला, चपला घातल्या आणि गाडीत जाऊन बसला. बराच वेळ गाडी हलली नाही. मग गेली.

मला वाटलं आता तो ओळ ठेवेल. तीन-चार दिवसांनी फोन आला. "मजकूर कोरायला दिला ताई. ती ओळ नाही त्यात."

"आता तर तुला सगळं कळलंय."

"मला कळलंय. गावाला नाही. तू समजून घे." आणि फोन ठेवला. मी रागावले. मग वाटलं, मी शहरात राहते. रोज त्या रस्त्यानं मला जायचं नाही.

शिलेच्या अनावरणाला त्यानं आम्हाला न्यायला गाडी पाठवली. आईनं जायचंच म्हटलं. मंडप घातला होता, खुर्च्या मांडल्या होत्या, चिमणीला फुलांच्या माळा सोडल्या होत्या. आईला पुढच्या रांगेत बसवलं आणि जीनच्या जुन्या कामगार म्हणून शाल-नारळ दिला. नारळ तिला धरता येईना. मी घेतला. निवेदक म्हणाला, "टाळ्या." लोकांनी वाजवल्या.

पडदा सरकवल्यावर आईनं मला विचारलं, "काय लिवलंय?"

मी तिच्या कानाशी वाचून दाखवलं. चढउतार न करता, जसं होतं तसं.

"मालकाचं नाव हाय?"

"आहे."

"आगीचं?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली आणि पदर सावरून बसली.

मग शेठचा नातू बोलायला उभा राहिला. तरुण, नीटनेटका, नम्र. त्यानं आजोबांच्या कष्टांबद्दल सांगितलं. आणि सांगता सांगता म्हणाला, "संकटंही आली. एका कामगार महिलेच्या बिडीमुळं, तिच्या निष्काळजीपणामुळं मोठी आग लागली, जीवितहानी झाली. पण आजोबा खचले नाहीत. पुढच्याच हंगामात त्यांनी गिरणी उभी केली." त्याला माहीत नव्हतं. त्याच्या घरात हीच गोष्ट त्याला सांगितली असणार. व्यासपीठावर आपल्या शेजारी बसलेल्या माणसाची ती आई होती हे त्याला कुणी सांगितलं असेल? बोलून तो खाली बसला आणि भाऊकडं बघून हसला.

मंडपात मागच्या बाजूला कुजबुज झाली. मी भाऊकडं बघितलं. तो समोर बघत होता. त्याचा सदरा घामानं छातीला चिकटला होता. आभार मानायचं काम भाऊकडं होतं. निवेदकानं त्याला बोलावलं. तो उठून माईकपाशी आला, खिशातून कागद काढला, पाहुण्यांची नावं त्यावर होती. त्यानं पहिलं नाव वाचलं. मग कागद खाली केला.

"आत्ता जिचा विषय निघाला, ती बिडीवाली बाई," तो म्हणाला, "ती माझी आई."

गावाला हे माहीतच होतं.

"ती बिडी ओढत नव्हती. मला हे आत्ता आत्ता कळलं. आग यंत्राची ठिणगी पडून लागली. आणि बायका आगीनं मेल्या नाहीत. दाराला बाहेरून कुलूप होतं म्हणून मेल्या. सकाळपासून होतं. दुपारीसुद्धा उघडलं नाही. ही माझी माय समोर बसली आहे, तिचे हात बघा. दगडावर हे लिहिलेलं होतं. ते मी काढायला लावलं, कारण मला लाज वाटत होती. आता सांगतो, माझ्या आईची मला लाज वाटत होती."

तो आणखी काही बोलणार होता. कुणाचा तरी मोबाईल वाजला. निवेदकानं पुढं होऊन माईक घेतला आणि अल्पोपाहाराची व्यवस्था डाव्या बाजूला आहे असं सांगितलं. लोक उठले. मोठे पाहुणे गाडीत बसून निघून गेले. नातू भाऊजवळ येऊन म्हणाला, "काका, मला खरंच माहीत नव्हतं."

भाऊ म्हणाला, "आता झालं माहीत."

बाकी काही झालं नाही. दगड बदलला नाही. खर्च, समिती, मंजुरी अशी कारणं निघाली. पुढच्या निवडणुकीत भाऊला तिकीट मिळालं नाही. तो म्हणायचा त्याचा याच्याशी संबंध नाही. असेलही, नसेलही. कॉम्प्लेक्स झालं, शिलेपुढं मोटारसायकली लागतात.

पण माणसं आमच्याकडं येऊ लागली. हे आम्हाला कुणालाच अपेक्षित नव्हतं. पहिल्यांदा गावाकडची एक बाई आली, माझ्या वयाची. खुर्चीवर बसेना, खालीच बसली. म्हणाली, "माझी सासू गेली त्यात. ती दाराशी व्हती का आत?" आईनं सासूचं नाव विचारलं, घर विचारलं, आणि म्हणाली, "दाराशी." ती बाई थोडा वेळ रडली आणि गेली. मग आणखी एकजण. मग दोघी बहिणी. आई प्रत्येकाला सांगायची. कुणाच्या बाबतीत आठवत नसेल तर आठवत नाही म्हणायची. बरं वाटावं म्हणून काही जोडायची नाही.

शहरातच हर्सूलला राहणारा एक माणूस आला. पोक्त, सभ्य, हातात औषधांची पिशवी. तो त्या झोळीतल्या लेकरांपैकी एक होता. आपल्या आईचा चेहरा त्याला आठवत नव्हता. त्यानं विचारलं, "त्या दिवशी माझ्या आईनं मला पाजलं होतं का?"

मी आईकडं बघितलं. मनातून मी तिला विनवत होते, हो म्हण.

आई म्हणाली, "नाय बाबा. सुट्टीच दिली नाय त्या दिवशी. तू लई रडत व्हता. तिला ऐकू येत असल."

त्या माणसानं हातातली पिशवी खाली ठेवली. मग त्यानं आईचे दोन्ही हात हातात घेतले आणि आपल्या कपाळाला लावले. तो गेल्यावर आई भिंतीकडं तोंड करून झोपली. संध्याकाळी उठली तेव्हा मला म्हणाली, "आता कुणाला आत घेऊ नको. माझ्यानं व्हत नाय."

त्यानंतर मी कुणाला आत घेतलं नाही. दारातूनच सांगायची, तिची तब्येत बरी नाही. ते खोटं नव्हतं. तिचं जेवण कमी झालं होतं, बोलणंही. त्याच उन्हाळ्यात ती गेली. भाऊनं अग्नी दिला. चितेजवळ तो फार वेळ उभा राहू शकला नाही; लोकांनी त्याला बाजूला नेऊन बसवलं.

आता तो महिन्या-दोन महिन्यांनी माझ्याकडं येतो. राजकारण सुटलं, साखर वाढली आहे, गुडघे दुखतात. आम्ही मुलांचं, औषधांचं बोलतो. मागच्या खेपेला निघताना तो दारात थांबला आणि म्हणाला, "ताई, ती दिसायला कशी होती? तू मोठी होतीस. तुला आठवत असेल."

मावशीचा फोटो नाही. मी आठवून सांगायला लागले. उंच होती. चालताना टाचा आपटायची. सांडलेलं दूध मी पायानं पुसलं म्हणून एकदा तिनं मला चापट मारली होती. पावसाळ्यात तिला खोकला व्हायचा.

"आणखी?" त्यानं विचारलं.

मी खूप वेळ विचार केला. तो चपला घालून तसाच उभा होता.

"एवढंच," मी म्हणाले.